डावीकडचा ठिपका

३० जानेवारी, रविवार

वही नवी आहे. रेघा निळ्या आहेत, समास मी पट्टीने आखले. लिहायला बाईंनी सांगितलं. म्हणाल्या, "आकाश पाहणाऱ्याने त्याच दिवशी लिहून ठेवावं. डोक्यात ठेवलेलं सकाळपर्यंत आपल्या सोयीचं होतं."

बाई म्हणजे मला नववीत विज्ञान शिकवणाऱ्या बाई. पाचच महिने शिकवलं, कारण पाच महिन्यांनी मी शाळा सोडली आणि चष्म्याच्या दुकानात काचा घासायला लागलो. त्या आता निवृत्त आहेत, पण मला अजून 'नववी-ब' अशीच हाक मारतात. महिन्यातून एका संध्याकाळी त्या ग्रंथालयाच्या गच्चीवर लोकांना दुर्बिणीतून आकाश दाखवतात. दोन वर्षं झाली, दुर्बीण मांडणं, पुसणं, रांग सांभाळणं ही कामं माझ्याकडे आहेत.

आज त्यांनी ग्रंथपालांना सांगून टाकलं की मार्चनंतर सगळं मीच बघीन आणि गच्चीवरच्या खोलीची किल्ली माझ्याकडे राहील. ग्रंथपालांनी चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, नववी नापास मुलाच्या हाती दुर्बीण?"

"नापास नाही, सोडलेली. चाचणीत वर्गात दुसरा होता."

"पहिला कोण होता?"

"तो कुठे आहे मला माहीत नाही. हा इथे आहे."

शेवटी असं ठरलं: ५ फेब्रुवारी आणि ४ मार्च, या दोन संध्याकाळी मी एकट्याने पार पाडायच्या. नीट झाल्या तर किल्ली माझी. नाही तर ग्रंथपालांच्या ओळखीचा एक पदवीधर आहे, त्याला देतील.

याच तारखा का, तेही लिहून ठेवतो. त्या दोन्ही संध्याकाळी चंद्र युरेनसच्या शेजारून जातो. युरेनस इतका पुसट आहे की शहरातून नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आणि कुठे शोधायचा हे लोकांना सांगताही येत नाही. चंद्र शेजारी असला की खूण मिळते. पण चंद्राच्या उजेडात शेजारचं पुसट काही टिकत नाही. म्हणजे जो पत्ता सांगतो, तोच दारात आडवा उभा.

तुम्ही का सोडताय, असं बाईंना विचारलं. "गुडघे," म्हणाल्या. जिना मात्र माझ्याआधी चढल्या, पायऱ्या मोठ्याने मोजत. चौतीस आहेत.

फलकावर लावायचा कागद लिहिला. 'दुर्बीण'मध्ये बी दीर्घ, 'दुर्बिणीतून'मध्ये बि ऱ्हस्व. शब्दकोशात दोनदा पाहिलं.

१ फेब्रुवारी, मंगळवार

दुर्बिणीला नवा सांधा बसला. आमच्या दुकानाच्या मालकांनी बनवून दिला. आत तिरका आरसा आहे, नळी कोपरासारखी वाकलेली आहे, म्हणून मी त्याला कोपर म्हणतो. आता वर बघायला गुडघे टेकून मान मोडायला नको, उभ्या उभ्या खाली वाकून बघता येतं. दुसरा फायदा असा, की आधी दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं, डोकं खाली पाय वर, म्हणून मी नकाशा उलटा धरायचो. आता वरचं वर दिसतं. नकाशा सरळ धरला की झालं.

संध्याकाळी बाईंकडे गेलो. त्यांनी नकाशा माझ्यापुढे सरकवला.

"वाच."

"तुमच्यासमोरच तर आहे, बाई."

"माझ्यासमोर आहे हे मला कळतं. तुला वाचता येतो का, ते बघायचंय."

वाचला. मधे एक ठळक तारा. त्याच्या डावीकडे एक पुसट ठिपका, तो युरेनस. उजवीकडे जवळजवळ तितक्याच अंतरावर, तितकाच पुसट दुसरा ठिपका, तो साधा तारा. बाईंनी तीनदा वाचून घेतलं. मी काहीतरी चुकतोय अशी शंका आली, म्हणून चौथ्यांदा न सांगता वाचलं. मग त्या हसल्या.

५ फेब्रुवारी, शनिवार

झालं! घाईत लिहितोय, अक्षर वाकडं येतंय त्याबद्दल क्षमस्व. (कोणाची क्षमा मागतोय? वहीची.)

एकाहत्तर माणसं आली. खोलीतल्या नोंदवहीत प्रत्येक डोक्यामागे एक रेघ मारली. चंद्र अर्धा होता आणि सर्च लाइटसारखा डोळ्यांत घुसत होता. पहिली वीस मिनिटं मला काही म्हणजे काही सापडलं नाही. रांगेत खोकले सुरू झाले. नववीच्या वर्गात फळ्यापुढे उभा राहायचो, तसा उभा होतो.

मग तिघे दिसले. मधला ठळक, दोन बाजूंना दोन पुसट. मी डावीकडचा ठिपका पकडला आणि बाईंना बोलावलं. त्या नेत्रिकेवर, म्हणजे डोळा लावायच्या काचेवर, बराच वेळ वाकून होत्या.

"रंग सांग."

"हिरवट असावा."

"असावा, की आहे?"

"आहे."

"मग झालं. दाखव लोकांना."

मी एकाहत्तर जणांना सांगितलं, "मधल्या ताऱ्याच्या डावीकडचा ठिपका बघा, तो युरेनस." बायका, बाप्ये, कडेवरची पोरंसुद्धा हो हो म्हणाली. एकटे शिंपीकाका अडून बसले. ते दर महिन्याला येतात, दर महिन्याला अडतात.

"ह्याला हिरवट म्हणतोस? माझ्या दुकानात ह्या रंगाला पांढरा म्हणतात."

"काका, फार लांब आहे तो."

"लांब असला म्हणून रंग सोडतो काय? कच्चा माल दिसतोय."

सगळे हसले, मीही हसलो. जाताना ग्रंथपालांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "एक झाली." किल्ली त्यांच्या कमरेला वाजत होती.

६ फेब्रुवारी, रविवार

ताईने दारातूनच विचारलं, "आले का शास्त्रज्ञ?" ती टपालखात्यात पत्रांवर शिक्के मारते, आणि घरी आल्यावर माझ्यावर. आई म्हणाली, आज तू भांडी घासू नकोस. घासली. मोठेपणा अंगाला लावून घेऊ नये.

१३ फेब्रुवारी, रविवार

कसं लिहू? क्रमाने लिहितो.

सकाळी ग्रंथपालांकडून किल्ली मागून आणली आणि दुर्बीण पुसायला गच्चीवर गेलो. पुसल्यावर नेम बसवायला ती समोरच्या रस्त्यावरच्या न्हाव्याच्या पाटीवर लावली. पाट्या वाचायची मला खोड आहे, चुका सापडतात. त्या पाटीत कुठे काना राहिलाय का ते बघायला वाकलो, तर मला एकही अक्षर वाचता येईना.

अक्षरं पायांवर उभी होती. वरचं वर, खालचं खाली. पण आरशात दिसतात तशी. शेवटचं अक्षर पहिलं, पहिलं शेवटचं.

कोपर वर-खाली सरळ करतं. डावं-उजवं ते फिरवलेलंच ठेवतं.

म्हणजे नकाशातला डावीकडचा ठिपका दुर्बिणीत उजवीकडे दिसणार. आणि मी एकाहत्तर माणसांना डावीकडचा दाखवला.

दुकानात चार वर्षं मी प्रत्येक काचेच्या कडेला लाल पेन्सिलीने 'उ' आणि 'डा' लिहितो. आजपर्यंत एकाही गिऱ्हाइकाची उजवी काच डाव्या डोळ्यावर गेलेली नाही. आणि आकाशात बरोबर तेवढंच चुकलो.

खाली जिन्यात बसून राहिलो. चौतीस पायऱ्या, मी विसाव्या पायरीवर.

एक गोष्ट कळत नाही. बाईंनी पाहिलं होतं. बराच वेळ पाहिलं होतं. झोपेतून उठवलं तरी त्या सांगतील की आरसा काय करतो. मग त्या हो का म्हणाल्या?

१४ फेब्रुवारी, सोमवार

उत्तर सापडलं. बाईंनी मला तपासण्यासाठी मुद्दाम बोलल्या नाहीत. परीक्षेत मास्तर मुलाच्या मागे उभे राहतात, चुकलेलं दिसतं, तरी बोलत नाहीत, तसं. मुलाने स्वतः शोधावं म्हणून.

(दुरुस्ती: 'बाईंनी… बोलल्या नाहीत' असं मी वर लिहिलंय. 'बाई' पाहिजे. घाईत लिहू नये.)

१९ फेब्रुवारी, शनिवार

नुसत्या आरशाच्या हिशेबावर कबूल करायचं नाही, आधी खात्री करायची, असं ठरवलं होतं. चंद्र आता संध्याकाळी नसतो. चार संध्याकाळी आमच्या गच्चीवरून दोन डोळ्यांच्या छोट्या दुर्बिणीतून तिघांचं चित्र काढलं. ग्रह सरकतो, तारा सरकत नाही. मी दाखवलेला ठिपका मधल्या ताऱ्यापासून होता तिथेच आहे. दुसरा सरकलाय. थोडाच, पण सरकलाय.

खात्री झाली. दाखवला तो तारा होता.

चित्रं घेऊन बाईंकडे गेलो. दार त्यांनीच उघडलं, मी अगदी समोर, दोन हातांवर, आणि म्हणतात, "कोण?"

इतक्या चिडल्यात, असं वाटलं. "मी, बाई. नववी-ब."

"अरे, मग बोलायचं नाही का आधी? ये."

सगळं सांगितलं. चित्रं त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती मांडीवर ठेवली, वरून हात फिरवला, आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या.

"मीही पाहिलं होतं ना त्या दिवशी?"

"हो."

"मग तुला काय वाटतं?"

"तुम्ही मला तपासत होतात. मी आपणहून शोधतो का ते."

त्या चहा ओतायला उठल्या. थोडा बशीबाहेर सांडला, मी पुसला.

"आता काय करणार?" त्यांनी विचारलं.

"लोकांना सांगायला पाहिजे. पण सांगितलं तर किल्ली जाईल."

"जाईल कदाचित."

"तुम्ही ग्रंथपालांशी बोलाल का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "आणि तू सांगशील तेव्हा माझं मधे आणू नकोस, किंवा आण. तुला खरं वाटेल ते कर." मग एकदम वेगळंच: "हल्ली आकाश मळकं झालंय, नाही? धूर वाढलाय."

मला तर तसं वाटलं नव्हतं. परवा पाऊस पडून गेल्यावर आकाश धुतल्यासारखं होतं. पण वाद घातला नाही.

२१ फेब्रुवारी, सोमवार

दुकानात एक अवघड काम आलं. मालकांनी बिननावाची चिठ्ठी दिली. नंबर एवढा मोठा की काच तळाशी बोटाएवढी जाड. फ्रेम काळी, रुंद, जुन्या वळणाची.

"नाव?"

"नको लिहूस. गिऱ्हाइकाची तशी इच्छा आहे." मालक माझ्याजवळ स्टूल ओढून बसले. "खरं तर ह्या चष्म्याने काही व्हायचं नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मी तोंडावर सांगितलं, काच नको, ऑपरेशन करा. जग मळकं दिसतंय, निळ्याचा पत्ता नाही, रस्ता ओलांडायचा कसा? तर म्हणे, चार तारखेनंतर बघू. तोवर काहीतरी करून द्या."

"चार तारखेला काय आहे?"

मालकांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "ते गिऱ्हाइकालाच माहीत," म्हणाले. "तू कडा नीट घास."

माणसं डोळ्यांच्या बाबतीत फार चालढकल करतात. कडा तीनदा घासल्या. बिजागरीचा एक स्क्रू काळा मिळाला नाही, म्हणून पितळी बसवला. पितळी आतल्या बाजूला, दिसायचा नाही.

२६ फेब्रुवारी, शनिवार

ग्रंथपालांनी रस्त्यात थांबवलं. म्हणाले, मागच्या वेळचं लोक अजून बोलतात. "पदवीधराला मी अजून कळवलेलं नाही. चार तारीख नीट पार पाडा म्हणजे झालं." मला आनंद व्हायला हवा होता.

घरी ताईला सांगितलं.

"एकाहत्तर जणांपैकी एकाला तरी कळलं का?"

"नाही."

"मग गप बस की. ठिपका तो ठिपका. चार तारखेला बरोबर ठिपका दाखव. जुन्या पत्राचा पत्ता चुकला म्हणून कोणी पोस्टमन घरोघर माफी मागत फिरत नाही."

"पण ते पत्र त्यांनी जपून ठेवलंय, ताई. त्यांना वाटतं त्यांनी युरेनस पाहिला."

"देवा," ताई म्हणाली. "हा शर्टाची बटणंही दोनदा मोजतो, ह्याला मी काय सांगणार?"

मालकांनाही विचारलं, आडून. "चुकीच्या नंबरचा चष्मा गेला आणि गिऱ्हाईक खूश असलं, तर?"

"तू काय करशील?"

"परत बोलावीन."

"मग मला कशाला विचारतोस?"

२ मार्च, बुधवार

ठरवलं. सांगणार. आश्चर्य म्हणजे ठरवल्यावर भूक लागली.

आता दाखवायचं कसं, ते. मागच्या वेळी चंद्राच्या झगमगाटात वीस मिनिटं गेली. या वेळी चंद्राची कोर असेल, अर्ध्याहून बरीच कमी, तरी उजेड आहेच. युक्ती मला दुकानात सुचली. बारीक चरा बघायचा असेल तर आम्ही दिव्याकडे बघत नाही, दिवा हाताआड करतो. गच्चीवर जिन्याच्या डोक्यावर पाण्याची टाकी आहे. दुर्बीण टाकीच्या सावलीच्या अगदी काठाला मांडायची, म्हणजे चंद्र टाकीआड जातो आणि त्याच्या डावीकडे वर, दोन बोटांवर, युरेनस उघड्यावर राहतो. चंद्र सरकेल तशी दुर्बीण दर पाच मिनिटांनी थोडी सरकवायची.

आज रस्त्यावरच्या दिव्याला चंद्र समजून करून पाहिलं. जमतं. फरशीवर खडूने बारा खुणा केल्या.

नकाशाची आरशातली प्रतही काढली. त्यावर लाल पेन्सिलीने 'उ' आणि 'डा' लिहिलं. आधी लिहायला हवं होतं.

४ मार्च, शुक्रवार

सगळं लिहितो, जसं झालं तसं.

अठ्ठावन्न माणसं. बाई आल्या, पायऱ्या मोजत, आणि भिंतीजवळच्या खुर्चीत बसल्या. ग्रंथपाल कठड्याला टेकून उभे होते. दुर्बीण पहिल्या खुणेवर मांडली. चंद्र टाकीआड गेला आणि अख्खं आकाश मऊ, काळं झालं. तिघे सापडायला मला अर्धं मिनिट लागलं. आता एक बराच बाजूला सरकलेला होता.

मग मी रांगेकडे तोंड केलं.

"सुरू करण्याआधी एक सांगायचंय. मागच्या महिन्यात मी तुम्हाला जो दाखवला तो युरेनस नव्हता. साधा तारा होता. दुर्बिणीतला आरसा डावं-उजवं उलटं करतो, ते माझ्या लक्षात आलं नाही. चूक माझी आहे. आज आधी तो तारा दाखवतो, मग खरा युरेनस. मागच्या वेळी आलेले जे आज आले नाहीत, त्यांच्यासाठी खाली फलकावर कागद लावलाय."

कोणीतरी म्हणालं, "अरेच्चा." एक मावशी शेजारणीला म्हणाली, "आणि मी जावेला फोन करून सांगितलं!"

ग्रंथपाल कठड्यापासून सरळ झाले. "थांबा. पण मागच्या वेळी बाईंनीही पाहून होकार दिला होता. मी इथेच होतो."

"बाई मला तपासत होत्या," मी म्हणालो. मला ते खरंच वाटत होतं. "त्यांना चूक दिसली होती. मी स्वतः शोधतो का ते—"

"नववी-ब," बाई खुर्चीतून म्हणाल्या. "पुरे."

त्या उठल्या. आज नवा चष्मा होता, ते मला तेव्हाच दिसलं. तो त्यांनी काढला आणि हात पुढे केला. हात माझ्यापासून वीतभर बाजूला थांबला. मी तो चष्मा घेतला. काळी, रुंद फ्रेम. जाड काच. बिजागरीत, आतल्या बाजूला, पितळी स्क्रू.

बाई लोकांकडे वळल्या. वर्गात वळायच्या तशा.

"मी तपासत नव्हते. मला त्या दिवशी काहीच दिसलं नाही. चार महिने झाले, मला चंद्र म्हणजे पिवळा डाग दिसतो, आणि त्याच्या शेजारी काही नाही. ह्याने सांगितलं हिरवट, मी म्हटलं हो. ह्याची चूक अर्धी. हो म्हणणाऱ्याची पुरी."

मी चष्मा धरून उभा. मला काय काय आठवत होतं: पायऱ्या. "वाच." दारातलं "कोण?". बशीबाहेरचा चहा. चार तारीख. कडा मी घासल्या होत्या, तीनदा, आणि कोणासाठी हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. दुकानात बसून डोळ्यांचं काम करतो मी.

शिंपीकाका रांगेतून पुढे आले. "म्हणजे मागच्या वेळी मी बरोबर होतो? पांढराच होता?"

"पांढराच होता, काका."

"मग हलवा ना दुर्बीण. काय ते दाखवा."

हसू फुटलं आणि रांग पुढे सरकली. मी आधी त्यांना तो जुना तारा दाखवला, मग एका बोटाने नळी जराशी ढकलली. काका वाकले. एरवी वाकल्या वाकल्या काहीतरी बोलतात. आज आधी दुसरा डोळा लावून पाहिला. मग हळूच म्हणाले, "हा आहे. हा रंग माझ्याकडे अस्तरात आहे. निळा-हिरवा, सात वेळा धुतल्यासारखा. कोणी मागत नाही." आणि परत वाकले. मागच्या माणसाने त्यांना खांद्याला धरून बाजूला केलं.

बारा खुणांवरून दुर्बीण सरकत गेली. अठ्ठावन्न रेघा मारल्या. शेवटी ग्रंथपालांनी पाहिलं. चष्मा कपाळावर चढवून, बराच वेळ.

"तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं," ते सरळ होत म्हणाले. तक्रार होती की काय, ते समजेना.

"आम्हालाही," शिंपीकाका मागून म्हणाले. "पदवीधर आणलात तर तो सांगेल का, ते आधी विचारून घ्या."

ग्रंथपालांनी कमरेची किल्ली सोडवली. जुडग्यातून निघेना, नखाने ओढावी लागली. "उद्या नऊला या. नोंदवहीत सही करावी लागेल. येते ना सही?"

"शुद्धलेखनासकट येते," बाई म्हणाल्या.

सगळे उतरल्यावर मी बाईंना जिन्यातून खाली आणलं. हात धरू का, हे विचारलं नाही. धरला. त्यांनी पायऱ्या मोजल्या नाहीत.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू दुर्बीण सोडून मला सांभाळत बसला असतास. मला दुर्बीण सांभाळणारा हवा होता. तो मिळाल्याशिवाय मी ऑपरेशनला कशी जाणार? दोन डोळ्यांचे दोन महिने: पट्टी, थेंब, वाकायचं नाही. आणि हो," त्या थांबल्या, "तू मला हुशार समजत होतास. तेही जरा आवडत होतं."

५ मार्च, शनिवार

नऊला सही केली. किल्ली दुकानात माझ्या स्टुलाच्या वरच्या खिळ्याला लावली आहे. मालकांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"गिऱ्हाइकाचं गिऱ्हाइकापाशी."

बुधवारी बाईंचा उजवा डोळा. मी सोबत जाणार आहे. आकाशाचा नकाशा घेऊन ये म्हणाल्यात, पट्टी असेल तोवर वाचून दाखवायचा. ताईने रजा टाकून मागून डबा आणते म्हणून सांगितलंय. वर, "रस्त्यात पाट्या वाचत उभा राहू नकोस" हेही.

दुपारी गच्चीवर गेलो. माझ्या किल्लीने खोली उघडली. पहिल्यांदा उलटी फिरवली, मग सुलटी. खडूच्या खुणा पुसल्या नाहीत, पक्क्या रंगाने गिरवायच्या आहेत. लोकांची नोंदवही काढून मागच्या महिन्याच्या पानावर लाल पेन्सिलीने दुरुस्ती केली: 'एकाहत्तर जणांनी पाहिला. तारा.' मग कालचं पान पुरं केलं.

'४ मार्च. आकाश स्वच्छ. युरेनस, चंद्राच्या डावीकडे. अठ्ठावन्न जणांनी पाहिला. एक बाकी.'